करप्यावर फवारणी करण्याआधी मातीतलं सिलिकॉन बघा

शिवारफेरी

भाताच्या पानावर मधे राखाडी, कडेला तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे, करपा या बुरशीजन्य रोगाचे ठिपके दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं बुरशीनाशक मारू? रोगांबद्दलचे इथले बहुतेक धागे याच प्रश्नाने सुरू होतात आणि औषधाचं नाव मिळालं की थंडावतात. मला त्याच्या आधीचा प्रश्न मांडायचा आहे. त्या पिकाला लावणीपासून मातीतून सिलिकॉन किती मिळालं होतं?

नत्र, स्फुरद, पालाश यांचा हिशेब आपण ठेवतो. जस्त, लोह यांच्याबद्दलही आता बोललं जातं. सिलिकॉनचं नाव काढलं की मात्र "माती म्हणजे सिलिकाच, ते कसं कमी पडेल?" असं उत्तर मिळतं. शंका रास्त आहे, कारण पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल हेच मूलद्रव्य आहे, वजनाने जवळजवळ २८ टक्के. पण मूळ ते एकाच रूपात घेतं, पाण्यात विरघळलेलं मोनोसिलिसिक आम्ल म्हणून. वाळूतलं क्वार्ट्झ लिटरभर पाण्यात जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. पेंढ्यातून मातीत परत गेलेली अस्फटिक सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) मात्र शंभर मिलिग्रॅमपर्यंत जाते. शेतात सिलिकॉनचे डोंगर असूनही पीक उपाशी राहतं ते या फरकामुळे.

आणि भाताची भूक मोठी आहे. कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिकॉन भाताच्या ताटात साठू शकतं. हेक्टरी ५ टन धान्य देणारं पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलतं. त्याच पिकाचं नत्र साधारण शंभर किलोच्या घरात असतं. नत्र आपण दर हंगामाला परत देतो. सिलिकॉनचा मोठा वाटा पेंढ्यात आणि तुसात असतो, आणि पेंढा शेताबाहेर जातो.

रोगाशी याचा संबंध नवा नाही. जपानमध्ये ओनोदेरा यांनी १९१७ साली करपा पडलेल्या आणि निरोगी भाताचं रासायनिक पृथक्करण करून दाखवलं होतं की रोगट झाडांत सिलिकॉन कमी आहे. १९५५ मध्ये जपानने पोलाद कारखान्यातल्या स्लॅगपासून, म्हणजे धातू वितळवताना उरणाऱ्या मळीपासून, मिळणाऱ्या सिलिकेटला अधिकृत खत म्हणून मान्यता दिली. आपण अजूनही ते "टॉनिक"च्या बाटलीत शोधतो, याची मला खरंच चिंता वाटते.

ज्यांनी भात, गहू, ज्वारी किंवा इतर तृणधान्यांत मातीतल्या खनिजांकडे रोगाच्या नजरेतून पाहिलं आहे त्यांनी लिहावं. नुसतं सिलिकॉनच असं नाही. मँगेनीज, जस्त, तांबं, क्लोराइड, सगळं चालेल.

तासवाला

विषय चांगला आहे, पण एक मुद्दा आधीच मांडतो. वनस्पतीच्या आवश्यक अन्नद्रव्यांच्या यादीत सिलिकॉन नाही. आर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ मध्ये ज्या कसोट्या घातल्या त्यांत ते बसत नाही, कारण सिलिकॉनशिवायही भाताचं रोप आपलं जीवनचक्र पुरं करू शकतं. मग शेतकऱ्याने त्यावर खर्च का करायचा? बाजारात "सिलिका" लिहिलेली कोणतीही पुडी खपते, म्हणून विचारतोय.

शिवारफेरी

तासवालादादा, कसोटी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात वाढवलेल्या रोपाची आहे. तिथे बुरशी नाही, वारा नाही, दुष्काळ नाही. एमॅन्युएल एप्स्टाइन यांनी १९९४ मध्ये नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवलं: झाडाच्या अंगात मुख्य अन्नद्रव्यांच्या बरोबरीने असलेलं मूलद्रव्य आपण पोषणाच्या प्रयोगांतून वगळतो, आणि मग त्या सिलिकॉनविरहित रोपालाच सर्वसामान्य रोप समजतो. शेतातलं रोप सिलिकॉनशिवाय जगतं, पण करप्याच्या हवेत ते कसं जगतं हा वेगळा प्रश्न आहे.

जुना पुरावाही आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या हूसफील्ड या शेतात जवाच्या दीर्घकालीन प्रयोगात १८६२ पासून सोडियम सिलिकेट दिलं गेलं. स्फुरद न मिळालेल्या वाफ्यांत त्याने उत्पादन वाढलेलं दिसलं. तो रोगाचा प्रयोग नव्हता, म्हणून त्यातून मी जास्त काही काढत नाही. पण तृणधान्याला सिलिकॉन दिल्याने फरक पडतो हे नव्या बाटल्यांच्या कितीतरी आधी नोंदलेलं आहे.

लोंबी

मी भातावर पोटॅशियम सिलिकेटची फवारणी करते. ठिपके दिसायला लागले की लगेच. पानाला थेट मिळत असेल तर मातीतून द्यायची गरज काय? कृपया समजावून सांगा, कारण आमच्या गटात सगळ्याजणी असंच करतात.

शिवारफेरी

लोंबीताई, हा प्रश्न आला ते बरं झालं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

भाताच्या मुळात सिलिकॉन आत घेण्याची खास यंत्रणा आहे. जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एलएसआय-१ हे जनुक शोधलं आणि पुढच्याच वर्षी एलएसआय-२. या दोन्ही जनुकांची प्रथिनं मुळाच्या त्याच पेशींत असतात, पण समोरासमोरच्या बाजूंना. पहिलं बाहेरच्या बाजूला बसून मातीतल्या पाण्यातलं सिलिसिक आम्ल पेशीत घेतं, दुसरं आतल्या बाजूने ते पुढे ढकलतं. तिथून ते रसवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर जातं, पानातून पाणी उडतं आणि सिलिकॉन मागे राहून पेशींच्या भिंतीत सिलिकाच्या रूपाने घट्ट बसतं. एलएसआय-१ बिघडलेला भाताचा वाण शेतात लावला तेव्हा त्याच्यावर रोग आणि किडी दोन्ही जास्त आल्या.

पानाच्या वरच्या बाजूला अशी यंत्रणा नाही. फवारलेलं सिलिकेट बहुतांशी पानावर वाळून बसतं. गव्हाच्या भुरीवर कॅनडात गेव्हेल, मेन्झीज आणि बेलांजे यांनी २००७ मध्ये मुळातून आणि पानावरून दिलेल्या सिलिकॉनची तुलना केली. मुळातून दिलेलं स्पष्टपणे सरस ठरलं. फवारणीनेही भुरी काही प्रमाणात कमी झाली, पण ती द्रावणाचा थर पानावर राहिल्यामुळे. झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती त्याने जागी झाली नाही. पावसाने तो थर धुतला की काम संपलं.

शिवाय ठिपका दिसला म्हणजे बुरशी पानात शिरून काही दिवस उलटलेले असतात. एकदा भिंतीत बसलेलं सिलिका हलत नाही, जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. म्हणून प्रत्येक नव्या पानाला ते मुळातून नव्याने मिळावं लागतं. तुमच्या गटात हे जरूर सांगा.

लोंबी

म्हणजे ते औषध नाही, खत आहे. असं समजू का?

शिवारफेरी

हो, अगदी तसंच समजा.

ओलावा

सिलिकॉनने पान काचेसारखं कडक होतं आणि बुरशीला टोचता येत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. इतकं साधं आहे का ते?

शिवारफेरी

निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी भिंत. योशिदा आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये भाताच्या पानाचा आडवा छेद तपासला. वरच्या मेणचट आवरणाची जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर आणि त्याच्या खाली सिलिकाचा थर २.५ मायक्रोमीटर. आता करप्याची बुरशी काय करते बघा. बीजाणू पानावर चिकटतो, त्याला अंकुर फुटतो, अंकुराच्या टोकाला मेलॅनिनने काळवंडलेली एक गोल पेशी तयार होते. त्या पेशीत ग्लिसरॉल साठतं आणि आतला दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या चाळीसेक पट. त्या दाबाने बुरशी एक बारीक खुंटी पानात घुसवते. या घुसवण्याला सिलिकाचा थर अडथळा करतो, यात संशय नाही.

पण गव्हाच्या भुरीवरच्या कामात बेलांजे यांच्या गटाला २००३ मध्ये वेगळंच दिसलं. सिलिकॉन मिळालेल्या गव्हात बुरशी जिथे शिरायचा प्रयत्न करते नेमक्या तिथे पेशी भिंतीच्या आतून गाठ उभारते, फिनॉलवर्गीय पदार्थ ओतते आणि बुरशीचं शोषक अंग तिथेच निकामी होतं. हे जिवंत पेशीचं काम आहे. भातातही तसंच. रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये करप्याची लागण केलेल्या पानांत मोमिलॅक्टोन ही बुरशीमारक द्रव्यं मोजली, ती सिलिकॉन दिलेल्या पानांत जास्त होती.

मग सिलिकॉन झाडाला सतत चिथावत ठेवतं का? तसंही नाही. गव्हातली हजारो जनुकं एकाच वेळी तपासली तेव्हा असं दिसलं की रोग नसताना सिलिकॉनने जवळजवळ काहीच बदलत नाही. भुरी आल्यावर मात्र सिलिकॉन नसलेल्या गव्हाचा सगळा कारभार विस्कटतो आणि सिलिकॉन असलेला गहू खूपच कमी विस्कटतो. २०१९ मध्ये कॉस्कुन आणि सहकाऱ्यांनी यावर एक मांडणी केली. पेशींच्या बाहेरच्या फटींत सिलिका बसते. बुरशी झाडाचा प्रतिकार बंद पाडण्यासाठी जी प्रथिनं सोडते त्यांची वाट तिथेच अडते, म्हणून झाडाचा मूळचा प्रतिकार शाबूत राहतो. मला ही मांडणी पटते, कारण शांत काळात काहीच बदल न होणं आणि हल्ल्याच्या वेळी फरक पडणं या दोन्ही गोष्टी तिच्यात बसतात.

ओलावा

म्हणूनच तांबेऱ्यावर सिलिकॉनचा फारसा गुण येत नाही का? तांबेरा पर्णरंध्रातून शिरतो, भिंत टोचत बसत नाही.

शिवारफेरी

ते एक कारण असू शकतं. शेतातला सल्ला विचाराल तर, तांबेऱ्यासाठी सिलिकॉनवर विसंबू नका. तिथे प्रतिकारक वाण आणि वेळेवरची फवारणी हेच खरं. भाताचा करपा, तपकिरी ठिपके, गव्हाची आणि जवाची भुरी इथे पुरावा भक्कम आहे. ज्वारीच्या पानावरच्या अँथ्रॅक्नोजवर ब्राझीलमध्ये चांगलं काम झालं आहे. गव्हाचा करपा १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात पहिल्यांदा नोंदला गेला आणि २०१६ मध्ये बांगलादेशात पोचला, त्यावरही सिलिकॉनने रोगाची तीव्रता कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण गहू भाताच्या मानाने सिलिकॉन कमी घेतो, म्हणून भाताइतकी अपेक्षा ठेवू नका.

मृद्गंध

माती परीक्षणाचं काम करतो, म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

सिलिकॉन कुठे कमी पडतं याचा अंदाज जमिनीकडे बघून बराचसा येतो. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशातल्या, हजारो वर्षं धुपून निघालेल्या लाल, जांभ्या जमिनी. त्यांतलं सिलिकॉन पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं आणि लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिलेले असतात. दुसऱ्या, सेंद्रिय पदार्थाने भरलेल्या दलदलीच्या काळ्या जमिनी. सुपीक दिसतात, पण त्यांत खनिज भागच कमी. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स भागात अशाच जमिनीवर भात घेतला जातो आणि तिथे कॅल्शियम सिलिकेट घातल्यावर करपा आणि तपकिरी ठिपके दोन्ही कमी झाले. डॅटनॉफ आणि सहकाऱ्यांचं ते काम या विषयात मैलाचा दगड मानलं जातं. तिसऱ्या, रेताड जमिनी. वाळू भरपूर, विरघळणारं सिलिकॉन नगण्य.

उलट ज्वालामुखीजन्य, कमी झिजलेल्या, चिकणमातीच्या जमिनींत सहसा टंचाई नसते. तिथे हेच खत घालून काहीच दिसलं नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

परीक्षणात एकूण सिलिका मोजून उपयोग नाही, ती कुठेही भरपूरच निघते. सामू (पीएच) ४ ठेवलेल्या सोडियम ॲसिटेटच्या द्रावणाने काढलेलं सिलिकॉन मातीत किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर भाताला टंचाई समजतात. पण मला स्वतःला पेंढ्याची तपासणी जास्त भरवशाची वाटते, कारण मातीत काय आहे यापेक्षा पिकाने काय उचललं हे ती सांगते. पक्व भाताच्या पेंढ्यात सिलिकॉन ५ टक्क्यांच्या खाली असेल तर कमी.

एक सावधगिरी. अहवालात आकडा "सिलिकॉन" म्हणून आहे की "सिलिका" म्हणून ते नक्की बघा. सिलिकामध्ये सिलिकॉन निम्म्याहून थोडं कमी असतं. ५ टक्के सिलिकॉन म्हणजे जवळजवळ ११ टक्के सिलिका. खताच्या पिशवीवरही हाच घोळ असतो.

तासवाला

मृद्गंध, हे मला पटलं. टंचाई मोजता येते आणि ती असेल तिथेच खर्च करायचा, या बोलीवर माझा विरोध नाही.

काडीकण

तुसाची राख चालते का? भातगिरणीत भरपूर निघते. तुसात राखच एक पंचमांश असते आणि त्या राखेत ९० टक्के सिलिका, असं वाचलंय.

मृद्गंध

आकडे बरोबर आहेत, पण राख कशी झाली ते बघा. तूस मंद आचेवर जळलं असेल तर सिलिका अस्फटिक राहते आणि मातीत हळूहळू विरघळते. बॉयलरच्या भट्टीत खूप तापलं की ती स्फटिक होते, आणि मग वाळू टाकली काय आणि ती राख टाकली काय, पिकाला सारखंच. काळसर, अर्धवट जळलेली राख किंवा कोळसा झालेलं तूस घ्या. पांढरी-गुलाबी, कडक तापलेली राख टाळा.

त्याहून सोपं म्हणजे पेंढा शेतातच राहू देणं. कुजताना त्यातलं सिलिकॉन सावकाश सुटतं, एका हंगामात सगळं मिळणार नाही, पण काही वर्षांत साठा भरत जातो. एक मात्र आहे. ज्या शेतात करपा जोरात होता तिथल्या पेंढ्यात बुरशी टिकून राहते. तो नीट कुजवून, कंपोस्ट करून मगच परत टाका.

कणसातला_दाणा

मी गव्हावर लिहितो, आणि सिलिकॉनवरून जरा बाजूला जातो, कारण मुळाच्या रोगांत खरा नायक मँगेनीज आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

समशीतोष्ण देशांत गव्हाची "टेक-ऑल" नावाची मूळकूज आहे. मुळं काळी पडतात, ओंब्या पांढऱ्या आणि पोकळ राहतात. ही बुरशी एक विलक्षण गोष्ट करते. झाडाला मँगेनीज विरघळलेल्या, दोन धन प्रभाराच्या रूपातच घेता येतं. बुरशी मुळाभोवती त्याचं ऑक्सिडीकरण करून ते न विरघळणाऱ्या चार धन प्रभाराच्या ऑक्साइडमध्ये बदलते. आणि गव्हाला लिग्निन बनवायला मँगेनीज लागतं. म्हणजे मुळाची भिंत बांधायचं सामान हल्ला करणाराच आधी काढून घेतो. ग्रॅहम आणि रोव्हिरा यांनी १९८४ मध्ये मँगेनीजचा या रोगाच्या प्रतिकाराशी संबंध मांडला आणि अमेरिकेत डॉन ह्यूबर यांनी त्यावर पुढे बरंच काम केलं.

हे एकदा समजलं की शेतातल्या जुन्या निरीक्षणांचा उलगडा होत जातो. आम्ल जमिनीत भरमसाट चुना टाकला की टेक-ऑल वाढतो, कारण सामू चढला की मँगेनीज बांधलं जातं. नत्र अमोनियमच्या रूपात दिलं की रोग घटतो, कारण अमोनियम घेताना मूळ आम्ल सोडतं, मुळालगतचा सामू उतरतो आणि मँगेनीज सुटतं. नायट्रेटने उलट होतं. फुसफुशीत, पोकळ वाफ्यात रोग जास्त आणि दाबून घट्ट केलेल्या वाफ्यात कमी, यामागेही हवा आणि मँगेनीजच आहे. ऑरेगॉनमध्ये क्लोराइडयुक्त खतांनी हा रोग आटोक्यात येतो हे १९८० च्या दशकात दिसलं. मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट होणं क्लोराइडमुळे मंदावतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

खत किती टाकलं यापेक्षा मुळालगतच्या मिलिमीटरभर मातीत काय घडतंय यावर रोग ठरतो. माझं या विषयावर प्रेम बसलं ते इथेच.

जस्ताचंही थोडक्यात सांगतो. जस्त कमी असलं की मुळाच्या पेशींचं आवरण गळकं होतं, साखर आणि अमिनो आम्लं बाहेर पाझरतात आणि फ्युजेरियमसारख्या बुरशींना आमंत्रण मिळतं. जस्ताची टंचाई असलेल्या मातीत गव्हाची खोडाच्या बुडाशी होणारी फ्युजेरियमची कूज जास्त येते, आणि जस्त दिल्यावर कमी होते. आणि तांबं: ते कमी पडलं की परागकण वांझ होतात, फुलं परागाची वाट बघत जास्त काळ उघडी राहतात आणि अरगट या कणसाच्या रोगाच्या बुरशीचे बीजाणू त्यातून आत शिरतात. तिथे तांबं बुरशी मारत नाही, फूल वेळेवर मिटवतं.

ओलावा

वा, कणसातला_दाणा! अरगटचं हे माहीत नव्हतं. भातातही मँगेनीजचं असंच आहे का?

कणसातला_दाणा

पाणी साचलेल्या भातात मँगेनीज सहज सुटं होतं, त्यामुळे चित्र वेगळं. पण तपकिरी ठिपक्यांचा रोग हा मुळात उपाशी जमिनीचाच रोग आहे. जपानमध्ये "अकिओची" म्हणतात ती स्थिती बघा. रेताड, लोह धुपून गेलेली भाताची खाचरं. पीक आधी छान दिसतं आणि हंगामाच्या शेवटी कोसळतं. पाण्याखाली तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड लोहाअभावी मोकळा राहतो आणि मुळं मारतो. मुळं मेली की पालाश आणि सिलिकॉन उचललं जात नाही, आणि मग तपकिरी ठिपके पसरतात. अशा शेतात नुसतं बुरशीनाशक मारणं म्हणजे मूळ दुखणं तसंच ठेवणं.

लोंबी

नत्राबद्दल कोणी लिहिलं नाही. युरिया टाकला की पीक हिरवंगार होतं आणि आठवड्याभरात करपा येतो, हे आम्ही दर वर्षी बघतो.

शिवारफेरी

ताई, तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. जास्त नत्राने पान कोवळं, लुसलुशीत होतं, पानात बुरशीला आयतं अन्न मिळतं, गर्दी वाढून पानं उशिरापर्यंत दवाने ओली राहतात. यात आणखी एक भर: नत्राने ताट वेगाने वाढतं आणि तेवढंच सिलिकॉन जास्त पानांत वाटलं जातं, त्यामुळे त्याचं प्रमाण उतरतं. सिलिकॉन पुरेसं असेल तर पानं ताठ राहतात, ऊन खालपर्यंत पोचतं आणि तेवढंच नत्र पिकाला जास्त पचतं. म्हणून सिलिकॉन आणि नत्र यांचा विचार वेगवेगळा करूच नये. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, ही सगळ्यात स्वस्त करपा-प्रतिबंधक गोष्ट आहे.

पाण्याचंही तेच. खाचरात पाणी असताना मातीतलं सिलिकॉन जास्त विरघळतं. माळावरच्या कोरडवाहू भाताला म्हणूनच सिलिकॉन कमी मिळतं आणि करपाही तिथेच जास्त छळतो.

तासवाला

स्लॅगबद्दल एक काळजी. पोलाद कारखान्याचा तो उरलेला माल आहे. त्यात जड धातू असू शकतात.

मृद्गंध

काळजी बरोबर आहे, आणि तपासणीचा दाखला नसलेला स्लॅग शेतात टाकूच नये. सगळे स्लॅग सारखे नसतात. काहींत सिलिकॉन भरपूर पण विरघळत नाही, काहींत क्रोमियमसारखे धातू जास्त. शिवाय कॅल्शियम सिलिकेट चुन्यासारखंच सामू वाढवतं. आम्ल जमिनीत हा दुहेरी फायदा. आधीच विम्ल असलेल्या जमिनीत ते टाकलं तर जस्त, मँगेनीज, लोह बांधलं जाईल आणि वर कणसातला_दाणा यांनी सांगितलेली अडचण तुम्ही स्वतःच्या हाताने ओढवून घ्याल. खाणीतून मिळणारं वोलॅस्टोनाइट हे नैसर्गिक कॅल्शियम सिलिकेट तुलनेने स्वच्छ, पण सामूचा नियम त्यालाही लागू.

शिवारफेरी

याला जोडून एक चांगली बाजू. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिक जे रूप घेतं ते भाताच्या मुळात सिलिकॉनच्याच वाटेने शिरतं, हे मा यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. मातीत विरघळलेलं सिलिकॉन भरपूर असेल तर आर्सेनिकला ती वाट कमी मिळते. जिथे भूजलात आर्सेनिक आहे तिथे करप्याइतकंच हे कारणही मोलाचं आहे.

काडीकण

शेवटी नेमकं काय करायचं? बुरशीनाशक बंद करायचं का?

शिवारफेरी

बंद करू नका. कोलंबियातल्या कोरडवाहू भातात सीबोल्ड आणि सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर तपासलं. सिलिकॉन दिल्यावर मध्यम प्रतिकारक वाण करप्यापुढे प्रतिकारक वाणाच्या जवळपास उभा राहिला. आणि सिलिकॉनच्या जोडीने बुरशीनाशकाची कमी मात्राही पूर्ण मात्रेइतकी उपयोगी पडली. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, कारण फवारण्या कमी झाल्या की बुरशीत औषधाला दाद न देणारे प्रकार तयार होण्याचा वेगही घटतो. मात्र अतिसंवेदनशील वाण, भरमसाट नत्र आणि सतत ओली हवा असेल तर एकटं सिलिकॉन पीक वाचवणार नाही. मानमोडीची, म्हणजे करप्याने लोंबीची मान मोडण्याची, शक्यता दिसत असेल तर लोंबी बाहेर पडतानाची फवारणी चुकवू नका.

वेळ लक्षात ठेवा. भात आपलं बहुतेक सिलिकॉन लोंबी धरण्याच्या सुरुवातीपासून फुलोऱ्यापर्यंत उचलतो. त्या वेळी ते मातीत विरघळलेलं हवं, म्हणून सिलिकेट चिखलणीच्या आधी मिसळा. पोटरीत आलेल्या पिकाला वरून टाकून उशीर झालेला असतो.

लोंबी

आमच्या गटात ठरलं की या हंगामात फवारणीचे पैसे पेंढ्याच्या तपासणीला वापरायचे. नमुना कधी आणि कुठला घ्यायचा? आणि कमी निघालं तर सगळ्या शेतात एकदम टाकायचं का?

मृद्गंध

कापणीच्या दिवशी घ्या. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून अख्खी ताटं जमिनीलगत कापा, दाणे झोडून काढा, ताटाला लागलेली माती स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. ही माती राहिली तर तिच्यातली वाळूच सिलिकॉन म्हणून मोजली जाईल आणि आकडा खोटा चढेल. सावलीत सुकवा, कापडी पिशवीत द्या. रोगाने जास्त पिडलेल्या भागाचा नमुना निरोगी भागात मिसळू नका, दोन्ही वेगळे पाठवा.

टाकायचं असेल तर पहिल्या वर्षी शेताच्या एका बाजूला पट्टे आखा. एकाआड एक पट्ट्यात सिलिकेट, बाकी सगळं सारखं: तोच वाण, तेवढाच युरिया, तीच लावणीची तारीख. पट्ट्यांमध्ये बांध घाला, नाहीतर पाण्याबरोबर सिलिकॉन शेजारच्या पट्ट्यात जाईल. बांधावरच्या कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींतले ठिपके आणि मोडलेल्या माना मोजा. पुढच्या कापणीला दोन्ही पट्ट्यांचा पेंढा पुन्हा तपासा. दिलेल्या पट्ट्यात सिलिकॉनचा आकडाच चढला नसेल तर तुमचं खत विरघळत नाहीये, मग ते दुसऱ्या वर्षी विकत घेऊ नका.